समास

पुस्तकांची यादी मागितली, तर गेनोवेफाबाईंनी
कपाटातून एक वही काढली, ओल लागून फुगलेली.
लुब्लिनच्या त्या थिएटरात हीटर बंद होता;
हातमोजे घालूनच पानं उलटली.

"संवाद नको वाचूस. ते नटांना पाठ असतात.
समास वाच."

समासात पेन्सिल. दिवा चौदा. पडदा, सावकाश.
चहाच्या कपाचं वर्तुळ.
पान साठवर, म्हाताऱ्या पोस्टमनच्या वाक्याआधी:
'तीन मोज.' खोडून 'पाच.' मग 'सात,
जिना चढताना त्याला दम लागतो.'
डिसेंबरात नुसतंच, 'त्याच्याकडे बघ. मान हलवेल तो.'

आणि नव्या वर्षात, शाईनं:
'दोन. नवा नट आहे.'

मी वर पाहिलं. बाई रंगमंचावर ओणव्या,
खुर्चीच्या पायांशी चिकटपट्टीच्या खुणा लावत.
"आणखी काय वाचू?"
"औषधाच्या डब्यांवरचं बारीक अक्षर.
शेवटच्या बसचं वेळापत्रक. सुतार लांब राहतो."

त्या रात्री विंगेत पहिल्यांदा मी.
पान साठ आलं.
दोन मोजले, "चौदा" म्हटलं, दिवा लागला.

मागे अंधारात बाई
अजून मोजत होत्या.