पान चार, तळटीप

महापालिकेचं पत्र सात पानी होतं
आणि सातही पानांत दाराशी उभं राहून
सांगता येईल असं वाक्य एकही नव्हतं.
"धारण तलाव सुधार उपकर,
वसाहतीच्या बहुमताच्या ठरावास अधीन राहून."
सव्वीस वर्षं मी पाटबंधारे खात्याच्या हिशेबात काढली,
तरी मलाही तिसरा चहा लागला.

मग एकाच कागदावर, मोठ्या अक्षरात लिहिलं:
गाळ कोण काढणार, किती वर्षं.
चौरस मीटरला वर्षाला अठरा रुपये.
आपलं घर अठ्ठावीस मीटर, म्हणजे पाचशे चार.
नाही म्हटलं तर काय, तेही लिहिलं:
गाळ आहे तिथेच राहील,
मोठ्या भरतीला झडप उघडणार नाही,
पाणी शेवटच्या गल्लीत येईल, जसं येतं.
हो म्हणा की नाही, हे लिहिलं नाही.
हात शिवशिवत होता.

नेरूळची आमची ओळघरं शहाण्णव.
कुन्हीरामन कॅल्क्युलेटर घेऊन आले, गुणाकार तपासला,
बरोबर म्हणाले, दार लावलं.
शलाका दुधाळे म्हणाली, "काकू, तुमचा हात कुठे ते सांगा,
मी तिथेच करते, मला डबे भरायचेत."
म्हटलं, तू भर, मी ओट्यापाशी वाचते.
भेंडीच्या फोडणीत उपकर जरा बरा वाटतो.
गावंडांची म्हातारी खाटेवरून उठली नाही.
"आथं आमचा मिठागर होता, बाय," एवढंच.
पुढे काही विचारलं नाही तिने.
मीच दिवसभर स्वतःला विचारत राहिले.
आणि भाड्याने राहणारी रुखसार:
"पाणी आमच्या पलंगाखाली,
आणि मत पनवेलला बसलेल्या मालकाचं?"
याला माझ्या कागदावर ओळ नव्हती.
तिचा प्रश्न मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घेतला.

चौऱ्याहत्तर दारं झाली त्या रात्री
पान चारची तळटीप दिसली. मुंगीएवढी.
"क्षेत्रफळ म्हणजे वाढीव बांधकामासह."
आमच्याकडे वाढीव नाही असं घर शोधून दाखवा!
मागची खोली, वरचा मजला, जिन्याखालची मोरी,
अठ्ठावीसचे कधी एकसष्ट होतात कळत नाही.
पाचशे चारचे एक हजार अठ्ठ्याण्णव.

आता सांगते, मला गाळ निघायला हवा होता.
दोन वर्षांपूर्वी माझं शिलाई मशीन
रात्रभर पायडलपर्यंत पाण्यात उभं होतं,
अजून टाका घालताना कण्हतं.
सभा तीन दिवसांवर. तळटीप कुणी वाचलेली नव्हती.
गप्प बसले असते तर खोटं बोलले नसतेच.
खात्यात अशा गप्प बसण्याला जावक क्रमांकसुद्धा मिळतो.

सकाळी लाल पेन घेऊन पहिल्या दारापासून:
"काल चुकीचं सांगितलं."
पाचव्या दारापर्यंत जीभ जड होती, मग सवय झाली.
कुन्हीरामन प्रथमच हसले.
"गुणाकार बरोबर होता, गुण्य चुकलं."
शलाकाने फ्रीजवरचा कागद चुंबकासकट हातात दिला.
आपटीकरांनी दारातूनच विचारलं,
विरोधवाल्यांनी तुम्हाला किती दिले?
उरलेल्या बावीस दारांवर
आधीच खाडाखोड केलेला कागद गेला.
त्यांनीच सगळ्यात नीट वाचला.

रविवारी बालवाडीच्या खोलीत, बुटक्या खुर्च्यांवर,
मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली.
रुखसारचा प्रश्न मी उभी राहून वाचला.
अध्यक्ष म्हणाले, विषयपत्रिकेत नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, मग घ्या.
घेण्यात पाऊण तास गेला, निघालं काहीच नाही,
पण इतिवृत्तात तिचं नाव लागलं, घर क्रमांकासह.

मग हात.
मी माझा वर केला, शेजारी पाहिलं नाही.
मोजणी शलाकाकडे होती, ओठ हलवत मोजत होती,
चाळिशीच्या आसपास कुठेतरी चुकली,
म्हणाली, "थांबा हं, पुन्हा,"
आणि सगळ्यांनी हात तसेच ठेवले.