गाळलेल्या जागा

तीन दिवस खेळ चालला.
मॉन्टेरेच्या धक्क्याखाली समुद्रसिंह भुंकत राहिले
आणि पडद्यावर पानावर पान पडत गेलं.
नौदलाची खरेदी कशी सुधारावी,
दीडशे अक्षरांत सांगा.
टोपणनावाने खेळा. हुद्दा दाराबाहेर ठेवा,
ओल्या रेनकोटसारखा.

अ‍ॅडमिरलच्या पानावर
इंजिनखोलीतल्या पोराने मात केली असेल,
किंवा नसेलही. कळायला मार्ग नव्हता.
तीच तर गंमत होती.

चौथ्या दिवशी अकरा हजार दोनशे पानं माझ्याकडे आली.
मी मेरेट व्हेस्टरगार्ड. शब्द मोजते.
वाचत नाही, तेवढा वेळ कुणी देत नाही,
माझं यंत्र वाचतं.
आधी गाळणी लावायची:
आणि, पण, जर, ते, नाही,
असला सगळा चोथा फेकायचा.
उरेल तो अर्क.

दुपारी पडद्यावर शब्दांचा ढग आला.
मधोमध, सर्वांत जाडजूड: मिळालं.
त्याला चिकटून: वेळेवर.
खाली डावीकडे, जरा तिरका: व्हॉल्व्ह.
कमांडर थिबोडोंनी प्रिंट काढून भिंतीला लावली.
“बघा,” म्हणाले, “आपण समजतो तितकं वाईट चाललेलं नाही.”
मीही खूश झाले. खोटं कशाला सांगू.

रात्री झोप लागेना. समुद्रसिंहांमुळे म्हणा.
म्हणून एक पान उघडलं. असंच, हाताने.
‘बिल्जपंप-७’ नावाच्या खेळाडूचं,
पहाटे तीन चाळीसचं:

*व्हॉल्व्ह वेळेवर मिळाला नाही.
चौदा महिने झाले.
जुन्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली आहे.
कृपया हसू नका.*

नाही.

मी चोथ्यात बोटं घातली.
तो तिथेच होता. चार हजार वेळा.
‘अजून’च्या शेजारी, ‘पुन्हा’च्या मागे,
एकदा नुसताच, तीनदा लागोपाठ,
पुढे एक शिवी.

हुकूम सोडणारे त्या खेळात पुष्कळ होते.
हुकमाचं पान याच्याकडे होतं,
आणि ते मी पिसतानाच खाली पाडलं.

शाळेत गाळलेल्या जागा भरायचो.
गाळायचं काम बाईंचं, भरायचं आमचं.
इथे कुणीतरी समुद्राच्या मधोमध
ट्यूबने, तारेने, रात्रपाळीने जागा भरतंय,
आणि गाळणारी मी.

सकाळी नवा ढग नेला. कमांडर बराच वेळ उभे राहिले.
मग जुन्या प्रिंटचा एकच कोपरा सोडवला,
तीन तसेच ठेवले,
आणि विचारलं, “हे ‘नाही’ जरा लहान करता येईल?”

मी म्हटलं,
…काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही,
भिंतीवर आता दोन्ही आहेत.

जेवणाच्या सुट्टीत बिल्जपंप-७ला लिहिलं:
*तुझं ‘नाही’ मिळालं. उशिरा, पण मिळालं.*

लगेच उत्तर आलं, यंत्राचं:
*खेळ संपला आहे.
सहभागाबद्दल आभार.*