साठ महिन्यांची झडती

अ‍ॅश्टब्युला काउंटीच्या कचेरीत माझं काम एवढंच :
माणूस पुरेसा गरीब झालाय का, ते बघणं.

मागच्या साठ महिन्यांची बँकेची पानं येतात माझ्याकडे,
कुणाची बुटांच्या खोक्यातून, कुणाची किराणाच्या पिशवीतून.
आयली लाहतेलाबाईंनी आणली
केकच्या पत्र्याच्या डब्यातून.
झाकण काढलं तर अजून वेलदोड्याचा वास.

नवरा आर्मस. चाळीस वर्षं बोटींतून खनिज उतरवलेला.
आता शुश्रूषागृहात, खिडकीकडची खाट,
जिथून सरोवर दिसतं
आणि ते कुठलं, हे त्याला सांगावं लागतं.
महिन्याचं बिल असं, की जन्मभराची शिल्लक
पुढच्या बर्फापर्यंत पुरायची नाही.

मी पानं उलटते.
पहिल्या वर्षी सगळं जागच्या जागी :
गॅस, वीज, चर्च, मासेमारीचा परवाना.
चेकवरची सही ताठ, धक्क्यावरच्या खुंटासारखी.
दुसऱ्या वर्षी एकाच आठवड्यात विजेचं बिल दोनदा.
तिसऱ्या वर्षी बर्फ उपसायची फावडी, तीन,
एकाच दुकानातून, एकाच महिन्यात.
चौथ्या वर्षी सही ओळ सोडून खाली घसरते,
आडनावातली शेवटची दोन अक्षरं
लिहायची राहून जातात.

डॉक्टरांच्या कागदावर आजाराची तारीख ऑक्टोबरची आहे.
मला विचारलं असतं
तर मी त्याआधीचा फेब्रुवारी सांगितला असता.
फावड्यांचा महिना.

घर चालतं, बाई त्यात राहतेय तोवर.
एक गाडी चालते.
अंत्यविधीचे आगाऊ भरलेले पैसे चालतात.
छप्पर गळत असेल तर आत्ताच करून घ्या, मी म्हणाले,
तो खर्च चालतो.
"म्हणजे उडवले तर चालतात," लाहतेलाबाई म्हणाल्या,
"दिले तर नाही."
तसंच काहीसं, मी म्हणाले.

मग तो चेक.
सहा हजार दोनशे. कार्माइन डीफाबियो.
कशासाठी, या जागी नुसती एक रेघ.

बाईंनी पर्स उघडली, मिटली.
"गोदीतला जोडीदार. बायकोच्या केमोचं बिल थकलं होतं."
"उसने दिले होते का? तसा काही कागद असेल,
त्यांनी आता लिहून दिलं तरी बघता येईल मला—"
"कार्माइन देईल की लिहून. आजच्या आज देईल.
आणि मग मरेपर्यंत महिन्याला वीस-वीस डॉलर
पाकिटात घालून पाठवत बसेल."
थोडा वेळ त्या माझ्या स्टेपलरकडे बघत राहिल्या.
"दिले होते. दिले असंच लिहा."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मी दिवसाचे आठ तास मुठी उघडते.
लाख कधी सापडले नाहीत.

यंत्रात आकडा टाकला, भागाकार झाला.
पंचवीस दिवस.
पंचवीस दिवस आर्मसच्या खाटेचे पैसे सरकार देणार नाही.
बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं,
ओठ हलवत, फिनिश आकड्यांत.
"राहू दे मग छप्पर," म्हणाल्या.
"बादली आहे."

नमुन्यात दान असा शब्द नाही.
योग्य मोबदल्याशिवाय हस्तांतर, असं आहे.
मी तेच लिहिलं, तारीख घातली.
माझी सही सरळ आली का,
हल्ली मी बघते.

दारात त्या थांबल्या, रिकामा डबा काखेत.
"पुढच्या वेळी तुमच्यासाठी गोड पाव आणला,
तर तोही कुठे लिहावा लागेल का?"

पावाबद्दल काही नियम नाही, मी म्हणाले.

आहे.
मला पाठ आहे तो.