सोफेवाला

सेट मुंबईच्या कार्गोतच राहिला
म्हणून माझा सोफा गेला.
रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावरून चौघांनी उतरवला,
जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा पाय काढले त्याचे,
आणि त्या रात्री दारसैतच्या शाळेत
अच्युत सबनीस त्याच्यावर बसून
मुलाचं पत्र वाचत होता.

एक्क्याण्णव साल. माझ्या शेजारी वझेबाई,
कुवेतहून नुसती पर्स घेऊन निघालेल्या.
पत्र संपलं. त्यानं चष्मा काढला.
पुढचं वाक्य होतं, "दिवा लाव."
ते त्यानं म्हटलं नाही.
मागे एसीचा कॉम्प्रेसर धडधडत होता,
तो बंद पडेपर्यंत थांबला.
तीनशे माणसं, प्रत्येकाचं कुठलं तरी पत्र लिहायचं राहिलेलं.
कोणी खोकलं नाही.
वझेबाईंनी पर्सचा पट्टा दातांत धरला होता.
कॉम्प्रेसर थांबला.
आणखी थोडा वेळ.
"दिवा लाव," तो म्हणाला.

रात्री आमच्याकडे सुरमई खाताना म्हणतो,
"तुमच्या सोफ्याची उजवीकडची स्प्रिंग टोचते.
मी मुद्दाम तिच्यावर बसलो."

मग तो सिनेमात गेला.
मलबाऱ्याच्या दुकानातून मी कॅसेटी आणायचो:
हवालदार, वकील, हवालदार, मुलीचा बाप.
आता थांबेल, आता थांबेल म्हणून पुढे सरकून बसायचो,
पण कात्री आधीच पोचलेली असायची.
बापानं चष्म्याला हात लावला
की लगेच नायकाची मोटरसायकल.
एकदा तर नुसती पाठ दिसली, बाजाराच्या गर्दीत.
मी ओळखली.
शोभा म्हणाली, काहीतरीच तुमचं.

परवा मुलगा आला दोह्याहून.
फोनवर मालिका, दीडपट वेगानं.
"बाबा, हा तुमचा तो ना?"
चौथ्या भागात सावकार, पिकलेल्या भुवया.
समोरचा माणूस विचारतो, माझा भाऊ कुठाय?
सावकार गप्प.
आणि पोराचं बोट पडलं,
दहा सेकंद पुढे.
"अहो, काही होतच नव्हतं."

या हिवाळ्यात त्यांचं शूटिंग मत्रहला.
दोरीपाशी एका पोरानं अडवलं. कोण तुम्ही?
काय सांगणार? म्हटलं, सोफेवाला.
"प्रॉपर्टीवाले? या, या, मागून या."

खजुराच्या व्यापाऱ्याचा म्हातारा मुनीम झाला होता तो,
मांडीवर चोपडी, कानावर पेन्सिल.
कॅमेरा फिरणार एवढ्यात अजान झाली,
एका मशिदीची, मग दुसरीची, जरा मागे राहिलेली.
आवाजवाल्यानं हात वर केला.
सगळ्यांनी फोन काढले.
हा मात्र मुनीमच राहिला.
बोट एका आकड्यावर,
आकडा बहुतेक चुकीचा, कारण बोट पुढे जाईना,
आणि ते चुकणं हळूहळू त्याच्या मानेपर्यंत चढलं.
बंदरात एक दाऊ वळत होती.
कॅमेऱ्यावर टोपी होती.

अजान संपली. शॉट झाला दोन मिनिटांत,
शब्द सगळे वेळेवर.
दिग्दर्शक मुलगी म्हणाली, छान सर, पुढचं.

मी पुढे झालो. नाव त्याला आठवेना,
मी सांगितल्यावरही. मग म्हणाला,
"उजवीकडची स्प्रिंग!"
आणि खूप हसला. दात नवे होते.
"आहे का अजून?"

म्हटलं, शोभाला शेवटी पलंगावर झोप यायची नाही,
ती त्याच्यावरच असायची.
नंतर वॉचमनला दिला, सिल्हेटचा आहे, त्याला पाठदुखी.

त्यानं चष्मा काढला. मुनिमाचा, बिनभिंगांचा.
मी थांबलो.
हा खरा की तो, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं,
त्या शाळेत.
गाडीवाला हॉर्न देत होता.
मागे स्पॉटबॉय खुर्च्या एकात एक घालत होता,
त्याची खुर्ची वर, अजून जरा ऊबदार असणार.