तेविसावा ळ

क ते ह झाले.
ज्ञसुद्धा एका दुपारीत झाला.
राहिला ळ.

धुळे डेपोच्या नव्या पाट्यांचं काम.
धुळे, पारोळा, जळगाव, भुसावळ, चाळीसगाव.
या मुलखात ळ टाळून
कुठे जाताच येत नाही.

बावीस फायली.
पहिलीत दोन्ही वाट्या सारख्या,
भांड्यांच्या दुकानात शेजारी मांडलेल्या, कोणी न उचललेल्या.
सातवीत उजवी किंचित झुकलेली.
ती फार आवडली, म्हणून दुसऱ्या दिवशी संशय आला.
तेराव्यात शेपूट लांब. चौदाव्यात शेपूटच नाही.
मग परत तेरावा उघडून बसले,
भांडून गेलेल्या माणसाला
उगाच मिस्ड कॉल द्यावा तशी.

ठरवणं म्हणजे काय
मला अजून नीट कळलेलं नाही.
एक ठेवायचा असतो,
एकवीस मारायचे असतात,
सगळे माझेच.
बाहेरून बघणाऱ्याला वाटतं
ही नुसती खुर्चीत बसली आहे.

आई ळ म्हणत नाही.
तिच्या जिभेवर त्याचा य होतो.
डोया, केयी, धुये, जयगाव.
शाळा तिच्या वाट्याला दोन वर्षं आली,
तरी गाडी ती पाटी बघूनच पकडते.
"जोडभाकर दिसनी का आपली गाडी."
जोडभाकर म्हणजे ळ.
आता ती सगळ्याच गाड्यांवर असते,
त्यामुळे एकदा जळगावला लग्नाला निघालेली आई
चाळीसगावात उतरली,
स्टँडसमोर शेवभाजी खाऊन परत आली
आणि दोष पाटीला दिला.
तेव्हा आम्ही हसलो.
दोष पाटीचाच होता.

पाचकंदीलजवळ झुलाल पेंटरांचं दुकान.
आता तिथे मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो,
ते मागे स्टुलावर बसतात.
चाळीस वर्षं डेपोच्या पाट्या त्यांनी रंगवल्या.
हात कापतो. नजर नाही कापत.

माझा कागद त्यांनी हातात घेतलाच नाही.
पोराकरवी समोरच्या बंद शटरवर चिकटवला.
मध्ये रस्ता, रिक्षा, वैशाखातली धूळ,
एक हातगाडी, ती हलायला तयार नाही.
"डोया बारीक कर," म्हणाले.
केले.
दोन वाट्यांचा एक काळा गोळा झाला होता.
"पोट भरेल शे याचं. थोडी भूक ऱ्हाऊ दे."

तुम्ही कसं ठरवायचात, मी विचारलं.
ते हसले.
अर्ध्या इंची ब्रश एका बाजूने झिजलेला,
डेपो नवा द्यायचा नाही,
उजव्या वाटीचं तोंड आपोआप उघडं राहायचं.
पुढे कधीतरी नवा ब्रश मिळाला,
तर तीच चूक
हाताने करावी लागली.

रात्री मी उजवी वाटी उघडली.
स्क्रीनवर वाईट दिसली, बोळक्यासारखी.
मोठी करून पाहिली, आणखी वाईट.
मग लहान करून मागे मागे सरकत गेले
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.
तिथून ठीक होतं.
ठीक. याहून बरा शब्द सापडला नाही.
बाविसावा देखणा होता.
तो पुसलेला नाही,
अधूनमधून उघडते,
कोणी नसताना.

पाटी लागली त्या दिवशी स्टँडवर गेले.
गाडी वळणावरून आत आली, मागे धुरळा.
मला लांबूनच वाचता आली,
पण त्याला काय अर्थ?
मला ती पाठच होती.
शेजारी गोणीवर बसलेल्या बाईने
कपाळावर हात धरून पाहिलं.
"जयगावनी शे ना वं ही?"

उत्तर द्यायच्या आधी
मीही एकदा
पाटीकडे बघून घेतलं.