पंचविसातला सातवा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या
लक्ष्मी रोडच्या शाखेत, दोन नंबरच्या खिडकीत.
प्रत्येकीवर नंबर, आणि एकही माझी नाही.
म्हणून असेल,
निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेल्या पहिल्या कागदावर
कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं ७/२५
मी भिंग लावून तीनदा वाचलं.

चित्रात एक हत्ती होता,
वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी जन्मदाखल्यासाठी वाकलेला,
आणि आतला कारकून सांगत होता,
"फोटोत तुम्ही ओळखू येत नाही."

हसलो. तिथेच, टिंबर मार्केटच्या मागे,
आश्लेषा कुदळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
भुसा आणि शाईच्या वासात.
ती म्हणाली, काका, हसतात पुष्कळ जण,
किंमत ऐकली की गंभीर होतात.
गंभीर मीही झालो,
पण पाकीट काढलं.

मग कुकर आला, मानसोपचारवाल्याच्या कोचावर आडवा:
"तिसऱ्या शिट्टीनंतर माझं कुणी ऐकतच नाही."
मग हेल्मेट घातलेली म्हैस, पाठीवर बोडका मालक.
मग ओंकारेश्वराच्या घाटावरचा कावळा,
पिंडाकडे पाठ करून
चष्म्यातून मेनूकार्ड वाचणारा.
सुलभा म्हणाली, हा हॉलमध्ये नको,
तुमचे दादा येतात.

दादा आले. किंमत विचारली.
"छापीलच ना? मग झेरॉक्स काढायचीस."

दादाला काय सांगू?
की लिनोच्या तुकड्यात अक्षरं उलटी कोरावी लागतात,
शिवाजीनगरचा हातकागद ओला करून अंथरावा लागतो,
ते जड चाक ती पोर पंचवीस वेळा फिरवते
आणि पंचवीस वेळा कारकुनाची मिशी
थोडी थोडी वेगळी उमटते.
माझ्या सातव्यात ती डावीकडे पुसट आहे.
तेवढी पुसट फक्त माझी.

सवय जात नाही, हिशोब लागला पाहिजे.
उरलेले चोवीस कुठे?
आठवा औंधला, दातांच्या डॉक्टर नवलाखेंकडे.
तिथे सगळ्यांची तोंडं उघडी असतात,
हसत कुणी नाही.
सतरावा वॉर्ड ऑफिसातल्याच एका कारकुनानं नेला,
कपाटाच्या दाराला आतून लावलाय म्हणे,
फाईल काढताना तेवढा बघतो.
बाकी बावीस येणे.

गेल्या गुरुवारी पंचविसावा निघाला.
तिनं कोरणी उचलली
आणि हत्तीच्या कपाळापासून खालपर्यंत
एक तिरकी रेघ ओढली.
अगं, ओरडलोच मी.
"काका, ठसा रद्द केला नाही
तर पंचविसाला अर्थ काय?"

रद्द.
तो शब्द मी किती चेकांवर उठवला असेल,
दोन तिरक्या रेघांच्या मध्ये,
चहाच्या आधी, हात न थरथरता.
तेव्हा कुठल्याही चेकवर हत्ती नव्हता.

मग तिनं त्या रद्द ठशाचा एकच कागद काढला,
पुरावा म्हणून. तशी पद्धत असते.
रेघ पांढरी उमटली,
हत्तीवरून निघून कारकुनाच्या वाक्यावरून गेली,
नेमका "नाही" कापत.
"फोटोत तुम्ही ओळखू येत"
आणि पुढे कोरा कागद.

हा मला दे, म्हटलं.
याला नंबर नाही, ती म्हणाली,
त्यामुळे किती घ्यावे तेही कळत नाही.
शेवटी चहाचे पैसे मी दिले.

घरी सुलभानं विचारलं, हा कितवा?
सांगता येईना.
रविवार पेठेत याकूबभाईंनी फ्रेम केली,
आणि हातात देण्याआधी
फडक्यानं काच पुसत राहिले, पुसत राहिले,
रेघ काही जाईना.