नऊ गाठी

आमच्या कलादालनात माणसं चार, कूलर एक.
त्याचं तोंड कुणीकडं, यावरून
होळीपासून हत्तुरे मॅडम आणि स्टोअरचे नदाफ
एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात.
मी क्लार्क. निरोप मीच नेतो, मेमो मीच टाइप करतो.

त्यात हे प्रदर्शन आलं.
पुण्याच्या बाई, सहा फूट हातमागाचं कापड,
मधोमध एक धागा तुटून लोंबतोय.
खाली पाटी: ‘तुटलेपण’. किंमत दीड लाख.

मादगुंडी आमचा शिपाई.
तेवीस वर्षं मागावर, मग कारखान्याला कुलूप, मग इथं.
कापडासमोर थांबला,
तेलुगूत काहीतरी पुटपुटला,
झाडू भिंतीला टेकवला
आणि डोळ्याला कळायच्या आत
गाठ मारून मोकळा.

“अहो, ती कला होती!”
मॅडमचा आवाज सात रस्त्यापर्यंत गेला असेल.
“तुटलंय मॅडम ते. असं सोडून घरी कसं जायाचं?”

मेमो क्रमांक चौदा.
‘धागा’चा ‘दगा’ झाला, परत टाइप केला.
मादगुंडीनं सही केली, घडी घालून टोपीत ठेवला.
“मेमो घेतो. गाठ सोडत नाही.
आमची गाठ सुटत नसती, कापावी लागती.”

कात्री स्टोअरची. मागणीपत्र लागतं.
मागणीपत्रावर सही मॅडमची,
आणि नदाफांच्या कागदावर मॅडम सही करत नाहीत
(कूलर).
शेवटी माझं नेलकटर.

दुसऱ्या दिवशी परत गाठ.
परत नेलकटर.
धागा आखूड पडायला लागला
तसा त्यानं घरून आणून जोडला,
रंग असा जुळवलेला की मलाच कापायला जागा सापडेना.

दुपारी बेचाळीस. एकच टेबल.
कडक भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज.
मॅडम खिडकीकडं, नदाफ कॅलेंडरकडं,
मादगुंडी सगळ्यांच्या डब्यात शेंगाचटणी टाकत फिरतोय.
“खा की बे, का गप बसलालाव?”
माझ्या खिशात नेलकटर.

शेवटच्या दिवशी बाई आल्या.
कापडाला नाक लावून उभ्या. मोजत होत्या.
नऊ.
“हे कुणी केलं?”
कूलर तेवढा घरघरत होता.
“आम्ही,” मॅडम म्हणाल्या.
“हो, आम्हीच,” नदाफ म्हणाले,
मॅडमकडं न बघता.

बाईंनी पेन मागितलं,
पाटीवरचे दीड लाख खोडले, वर सव्वादोन लिहिले.

दाराआडून मादगुंडीनं माझी बाही ओढली.
“सातवी सैल बसलीय बे.
पार्सल करायच्या आधी
पाच मिनिटं दे मला.”